वेडी बाभूळ, कुंपणाची वाट आणि डोझरचे पाते

रब्बी निघाली की पडीक तुकडे साफ करण्याची घाई सुरू होते. त्यामुळे या वेळची बहुतेक पत्रे डोझरबद्दलचीच आहेत.

नाल्याकाठच्या चार एकरांत वेडी बाभूळ माजली होती. दोन वर्षांपूर्वी डोझर लावून सगळे साफ केले, आता पहिल्यापेक्षा दाट झाली आहे. डोझरवाल्याने काम चुकवले का? (यावल तालुका)

डोझरवाल्याने बहुधा सांगितले तेवढे केले, पण पाते या कामाचे नव्हते. साधे सरळ पाते खोडाला लावले की खोड जमिनीलगत मोडते आणि बुंधा खालीच राहतो. वेडी बाभूळ त्या बुंध्यातूनच फुटते आणि एका खोडाच्या जागी पाच-सहा कोंब येतात. ती मारायची तर फुटवे येतात तो गड्डा मुळासकट वर आला पाहिजे. म्हणजे वीत-दीड वीत तरी खाली जावे लागते.

त्यासाठी दात्यांचे पाते मागा. आपल्याकडचे ऑपरेटर त्याला ‘रेक’ म्हणतात. दाते जमिनीत शिरतात, मुळे उपटून पुढे ढकलतात आणि माती फटींतून खाली गळते. सरळ पात्यात काटक्यांबरोबर वरची सुपीक मातीही निघून जाते. एक तास काम झाले की मशीन थांबवा आणि बांधाकडे लावलेल्या ढिगात फावडे घाला. आत काळी माती जास्त आणि काटक्या कमी दिसल्या तर तुमचे शेतच बांधावर चालले आहे असे समजा. डिझेलचे पैसे देऊन माती घालवण्याची ही पद्धत आपल्याकडे फार बोकाळली आहे.

वेळही साधावी लागते. काळी जमीन ओली असताना चेनचे मशीन घातले तर खालचा थर दबून बसतो आणि पुढच्या हंगामात पाणी मुरत नाही. उन्हाळ्यात कडक झाल्यावर गेलात तर मुळे वर न येता तुटतात. वाफसा असताना, म्हणजे जमीन ओलीही नाही आणि कडकही नाही अशा वेळी, काम झाले तर गड्डा अख्खा निघतो. शेंगा पिकून गळायच्या आत हात घाला. गुरे, शेळ्या त्या आवडीने खातात आणि बी शेणा-लेंड्यांतून रानभर पसरते. जमिनीत पडलेले बीही वर्षानुवर्षे टिकते, म्हणून पहिल्या पावसानंतर उगवलेली रोपे कोवळी असतानाच उपटा. हे काम डोझर करणार नाही, माणसेच लावावी लागतील.

शेत सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) मका ठेवत नाहीत. जाळीचे कुंपण करायचे आहे, पण हद्दीवर बोरी-बाभळी आणि घाणेरीची गच्च झाडी आहे. कोणते पाते लावू? (शिरपूर)

पात्याआधी मोजणी करून घ्या. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी झाली की हद्दीच्या दगडांना चुना मारा आणि ते ऑपरेटरला चालत नेऊन दाखवा. पात्याखाली एक दगड गेला की शेजाऱ्याशी दोन पिढ्यांचे भांडण लागते.

कुंपणाच्या वाटेला तिरके होणारे पाते, म्हणजे अँगल ब्लेड, उत्तम. ते माल एका बाजूला सारत जाते, त्यामुळे मशीनला सारखे मागे-पुढे करावे लागत नाही. माल आपल्याच बाजूला पाडा. ढिगाची सलग रांग मात्र लावू नका. पायथ्याला पाऊस धावत येतो, रांगेला अडला की एका ठिकाणी फोडून निघतो आणि तिथेच घळ पडते. ठिकठिकाणी मोकळ्या जागा सोडा. वाट उताराच्या दिशेने जात असेल तर तिच्यावर आडवे, थोडे तिरपे उंचवटे घालून पाणी बाजूला काढा. पाते जमिनीपासून बोटभर वर धरायला सांगा. झुडूप निघाले पाहिजे, पण गवताची मुळे राहिली पाहिजेत.

झाडीत शिरण्यापूर्वी दोन गोष्टी पायी फिरून शोधा. पहिली जुनी काटेरी तार. ती चेनच्या चाकांत गुंडाळली जाते, सील कापते आणि मशीन तिथेच उभे राहते. आधी हाताने ओढून काढा. दुसरी बिनकठड्याची पडकी विहीर. घाणेरीने झाकलेली विहीर केबिनमधून दिसत नाही. तिच्याभोवती बांबू रोवा, लाल फडके बांधा आणि मशीन बरेच लांब ठेवा. जमिनीखालून ठिबकची किंवा नदीवरची पाइपलाइन जात असेल तर तीही आधी खुणावून ठेवा.

खांबांचे थोडक्यात सांगतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ खांब हलवून सोडते. मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या.

50 एचपीच्या ट्रॅक्टरला पुढे डोझर पाते बसवले तर हे काम घरच्या घरी होईल का? (अमळनेर)

माती सारणे, खताचा ढीग लावणे, बांध सारखा करणे हे होईल. बुंधे उपटायला जाऊ नका. तो ताण पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि चासीवर येतो, ट्रॅक्टर त्यासाठी बनवलेला नाही. शिवाय बाभळीच्या काट्यांनी टायरची चाळण होते ती वेगळीच.

व्हिडिओत भाल्यासारखे टोक असलेले पाते झाडे सपासप कापताना पाहिले. आपल्याकडे चालेल का? (साक्री)

ते शिअर ब्लेड. टोकाने खोड फाडायचे आणि तिरक्या धारेने जमिनीलगत कापायचे, असे त्याचे काम. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याने कॅटरपिलरच्या डी-7 डोझरना अशी पाती बसवून जंगले आडवी केली. ते मुळे जमिनीतच ठेवते, म्हणून वेडी बाभूळ असलेल्या रानात त्याचा उपयोग शून्य.

हद्दीवर साग, मोह, आंबा, चिंच असेल तर कोणत्याही पात्याने हात लावण्याआधी परवानगी घ्या. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत ही झाडे आहेत आणि ती स्वतःच्या शेतात असली तरी कायदा लागू होतो.

तासावर डोझर ठरवला. तास भराभर गेले, काम मात्र पुढे सरकले नाही. (एरंडोल)

पुढच्या वेळी भाव बोलण्याआधी पात्याच्या खालच्या कडेला हात लावून पाहा. तिथे बोल्टने बसवलेली वेगळी धारेची पट्टी असते. ती गोल झाली असेल तर पाते जमिनीवरून नुसते घसरते. बऱ्याच मशीनांची ही पट्टी उलटून लावता येते, तासाभराचे काम आहे. पट्टी झिजून बोल्टांपर्यंत आली असेल तर बदलूनच आणायला सांगा.