साहेबाच्या दुकानात काय काय मिळायचं?

गेल्या अंकात फोर्टातल्या जुन्या इंग्रजी दुकानांवर लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही प्रश्न एकमेकांत मिसळलेत, त्यातले निवडक घेतो.

प्रश्न : माळा आवरताना आजोबांची काळी पत्र्याची ट्रंक निघाली. झाकणाच्या आत पितळी पट्टी आहे, तिच्यावर इंग्रजीत ‘ए अँड एन सी.एस.एल.’ आणि खाली लंडन, बॉम्बे, कलकत्ता. आमच्या घरात मिलिटरीत कोणीच नव्हतं, आजोबा मास्तर. मग ही कुठून आली आणि किती जुनी? – एक वाचक, सातारा

पट्टी आहे म्हणजे अर्धं काम झालंच. ते नाव आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेडचं. 1871 साली लंडनमध्ये काही लष्करी आणि नौदलातल्या अधिकाऱ्यांनी मिळून ही सोसायटी काढली, कारण काय तर वाईन घाऊक भावात पेटीने घेतली की स्वस्त पडते! सुरुवात अशी, पण पुढे वाढत वाढत एवढी वाढली की सुईपासून बंदुकीपर्यंत सगळं तिथं मिळायला लागलं. मुंबईची शाखा 1891 ची, काळ्या घोड्याजवळची ती इमारत अजून त्याच नावाने ओळखतात. कलकत्त्याची 1901 ची. म्हणजे तुमच्या पट्टीवर कलकत्ता आहे तर ट्रंक 1901 च्या आधीची नाही, आणि 1934 ला सोसायटीची ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’ कंपनी झाली, तेव्हा ‘सी.एस.एल.’ लिहिलेलं बहुतेक त्याच्या आधीचं. तेहतीस वर्षांच्या पट्ट्यात आलात की राव, याहून नेमकं पट्टीवरून सांगता येणार नाही.

आता अशी ट्रंक कशाला, तर पावसाळा आणि वाळवी. लोकरी युनिफॉर्म, बूट, पुस्तकं, जून ते सप्टेंबर आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून हवा आणि दमटपणा आत जाऊ नये अशा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पेट्या, वरून काळा चकचकीत रंग. सोला हॅटला, म्हणजे साहेबाच्या उन्हाच्या टोपीला, वेगळा डबा. ड्रॉवरचं कपाट दोन तुकड्यांत सुटायचं, कोपऱ्यांना पितळ मारलेलं, म्हणजे बदली झाली की अर्धं अर्धं जनावरावर लादायचं. रुरकी खुर्ची म्हणून एक प्रकार होता, एकही खिळा नाही, दांड्या आणि पट्टे सोडले की गुंडाळी करून काखेत. हे सामान मला खरंच आवडतं, कारण बनवणाऱ्याने वापरणाऱ्याच्या बदल्या डोळ्यासमोर ठेवल्यात. बाकी कॅटलॉग मात्र डोकं गरगरवणारा होता, हजारावर पानं, त्यात किराणा, औषधं, तंबाखू, घोड्याचं जीन, खेळणी, चांदीचे चमचे, बंदुका, पियानो, सगळं चित्रांसकट. दूर कुठल्या तालुक्याच्या बंगल्यात बसलेला कलेक्टर किंवा त्याची मडम ते पान पान चाळून पत्राने ऑर्डर द्यायची. 1869 ला सुएझ कालवा उघडला त्यामुळे विलायतेहून माल यायला लागणारा वेळ खूपच कमी झाला होता, आणि 1877 पासून आपल्या पोस्टात व्हीपीपी सुरू झाल्यावर तर माल हातात पडल्यावर पोस्टमनला पैसे द्यायचे, मग असा धंदा करणाऱ्या सगळ्यांचीच चांदी.

आणि मास्तरांच्या घरी कशी? माझा अंदाज लिलावाचा. साहेब विलायतेला परत निघाला की सामान बरोबर न्यायचा नाही, बंगल्यातच लिलाव व्हायचा, नाहीतर जुन्या बाजारात जायचं. कॅन्टोनमेंटच्या गावांत हे नेहमीचं. सातारा-वाई पट्ट्यात, महाबळेश्वर-पाचगणी जवळ असताना, अशा ट्रंका, ऑइलक्लॉथ म्हणजे मेणकापड, आरसे, लोखंडी पलंग घराघरात पोचले ते असेच, दुकानाच्या काउंटरवरून नाही.

प्रश्न : आपली माणसं त्या दुकानांत जायची का? आणि उधारी चालायची का? – एक वाचक, दादर

आर्मी अँड नेव्हीत सुरुवातीला मेंबर असल्याशिवाय खरेदीच करता यायची नाही, ही अट पहिलं महायुद्ध संपता संपता गेली. त्यामुळे आपला कारकून तिथं कुठला जाणार! पण व्हाइटअवे लेडलॉ हे वेगळं प्रकरण. रॉबर्ट लेडलॉ नावाच्या स्कॉटिश माणसाने 1882 साली कलकत्त्यात भागीदारीत हे दुकान काढलं, नंतर मुंबई, रंगून, कोलंबो, सिंगापूर अशा शाखा काढत गेला, पुढे 1906 ला स्वतः ब्रिटिश पार्लमेंटात निवडून पण गेला. त्याचा नियम एकच, रोख. बाकीच्या बड्या दुकानांत साहेबलोक खात्यावर घ्यायचे आणि बिल महिनोन्‌महिने लांबवायचे, इथं तसं काही नाही, म्हणून साहेबांनीच त्याला टोपणनाव पाडलं, ‘राइट अवे अँड पेड फॉर’, म्हणजे लगेच आणि चुकतं करून. भाव त्यामुळे जरा खाली, आणि गिऱ्हाईक कोण, तर रेल्वेतले, तारखात्यातले, छोट्या पगाराचे गोरे, अँग्लो-इंडियन, आणि ऐपतदार पारशी-हिंदू घरं पण. चादरी, पडदे, बूट, तयार कपडे, क्रॉकरी, मुलांची खेळणी, मोठा भर या मालावर.

मुंबईत हे दुकान हॉर्नबी रोडला, म्हणजे आताच्या डी. एन. रोडला होतं, आणि त्याच इमारतीत नंतर खादी भांडार आलं. विलायती कापड जिथं विकलं तिथंच खादी, आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

पण खरं सांगू का, आपल्या घरांत विलायती माल आला तो या काचेच्या दरवाज्यांतून फार थोडा. तो आला क्रॉफर्ड मार्केटच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतून, गावोगावच्या वाण्याकडून. रॉकेलचाच विचार करा. लाकडी खोक्यात चार-चार गॅलनचे दोन डबे यायचे. तेल संपलं की डबा पाण्याला, धान्याला, कापून सुपली नाहीतर छपराचा पत्रा, आणि खोक्याच्या फळ्या भिंतीला ठोकून मांडणी. काही वाया नाही. कंदील, इनॅमलच्या थाळ्या-मग, कात्र्या, काडेपेट्या, साबणाच्या वड्या हेही तसंच, दारोदार. सनलाइट साबण 1888 ला कलकत्त्याच्या बंदरात उतरला, लाइफबॉय 1895 ला, आणि थोड्याच वर्षांत खेडोपाडी वाण्याच्या फळीवर. स्वीडनचा प्रायमस स्टोव्ह 1892 चा. काकडा लावायचा, पंप मारायचा, नोझलमध्ये कचरा अडकला की पिन मारायची, एवढं शिकलं की झालं. चुलीच्या धुरातून सुटका हवी असणाऱ्या बायकांना त्याची जाहिरात दाखवायची गरज नव्हती. माझ्या मते साहेबाच्या दुकानाने आपल्याला जे दिलं त्यापेक्षा या वाण्याने जास्त दिलं, फक्त त्याच्या दुकानाची इमारत कोणी हेरिटेज म्हणून जपली नाही.

प्रश्न : आमच्याकडे जाळीचं जुनं कपाट आहे, चारी पायांखाली वाट्या आहेत. तेही इंग्रजी का? – एक वाचक, नाशिक

कल्पना त्यांची, मीट सेफ म्हणायचे. मांस झाकून ठेवायला चारी बाजूंनी बारीक जाळी, वारा लागावा पण माशी नको. पायांखालच्या वाट्यांत पाणी, वरून थोडं रॉकेल टाकलं की मुंग्या चढत नाहीत. आपल्याकडे त्यात दूध, लोणी, विरजण गेलं. तुमचं मात्र इथल्याच सुताराने केलेलं असेल, बहुतेक घरांत तसंच असतं. फ्रीज आल्यावर बऱ्याच जणांनी ते अंगणात टाकलं. तुम्ही टाकू नका, पाव-फरसाण ठेवायला अजून उपयोगी पडतं.

प्रश्न : या दुकानांना आपल्याकडून उत्तर कुणी दिलं? – एक वाचक, कोथरूड

दिलं, आणि मजेशीर म्हणजे बरंचसं दुकानाच्याच रूपात. स्वदेशी चळवळीत 1905-06 च्या सुमारास मुंबईत बॉम्बे स्वदेशी स्टोअर्स निघालं. पण नुसतं विकून भागत नाही, बनवायला पण हवं ना. पैसा फंडाचा काचेचा कारखाना तळेगावला 1908 ला सुरू झाला, वर्गणी कुणी एक पैसा दिला तरी चालेल या हिशेबाने जमवलेली. कंदिलाचा प्रश्न ओगल्यांनी सोडवला, कऱ्हाडजवळ औंध संस्थानाच्या जागेवर 1916 साली काच कारखाना काढला आणि पुढे प्रभाकर कंदील घराघरात पोचला. गोदरेजनी 1897 ला लालबागला कुलपांपासून सुरुवात करून मग तिजोऱ्या, मग 1919 च्या सुमारास चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण. सगळं जमलं असं नाही. विलायती मालासमोर टिकाव धरणं अवघड होतं आणि त्या काळात काढलेले किती कारखाने बुडाले त्याची गणती नाही. पण ज्याची घरात रोज गरज, तेच पकडलं ते टिकले. काच, कुलूप, साबण. पियानो कोणी बनवायला गेलं नाही.

प्रश्न : (पुन्हा सातारकर) ट्रंक घासून लखलखीत करू का? रंगवून घेतली तर?

नको, नको! पितळी पट्टीला चिंच-राख लावू नका, अक्षरं झिजतात. मऊ कापडाने पुसा बस. बाहेरचा काळा रंग उडाला असला तरी राहू दे, नवा ऑइलपेंट दिलात की जुनी खूण गेली. गंज आलाय तिथं ब्रशने हलकं झाडून कोरडं करा, मग अगदी पातळ तेलाचा हात. आत कागद चिकटवलेले असतील तर ओढू नका, कधीकधी त्या काळचं वर्तमानपत्र निघतं आणि तारीख तिथंच मिळते. तसं काही निघालं तर फोटो काढून पाठवा, पुढच्या अंकात छापू.