वजन कमी करण्याचं ऑपरेशन म्हणजे आळशी माणसाचा शॉर्टकट आहे का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वजन ११२ किलो, उंची ५ फूट ४ इंच, शुगर सुरू झालीय, डॉक्टरांनी बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन, सुचवलंय. खर्च किती, कामावर कधी जाता येतं, नंतर भूक लागते का, हे सगळं विचारून शेवटी सहज टाकल्यासारखं लिहिलंय, "घरचे म्हणतात हा आळशी माणसाचा शॉर्टकट आहे." खर्चाचं सांगतो, पण आधी त्या शेवटच्या वाक्याचं बघू. तेच वाक्य मी सख्ख्या मोठ्या भावाच्या तोंडून, वीस-बावीस पाहुण्यांसमोर, हुरड्याच्या आगटीपाशी बसून ऐकलंय.

मी सोलापूरचा. शाळेचे युनिफॉर्म शिवायचं आमचं युनिट आहे, दादा आणि मी भागीत. दादा ऑर्डरी आणि हिशेब बघतो, कटिंग माझ्याकडे. फेब्रुवारी ते जून जेवायला फुरसत नसते असा हा धंदा, आणि मी मात्र फुरसत काढून जेवणारा. २०२२ मध्ये माझं वय ४४, वजन १३४ किलो, उंची १६८ सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४७ च्या वर. शुगरच्या दोन गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन. झोपेत श्वास अडकायचा, मग बायको उठून मला हलवायची आणि पुन्हा सुरू व्हायचा. कटिंग टेबलावर वाकलो की हाताआधी पोट कापडाला टेकायचं. संध्याकाळी शर्टावर पँटच्या मापाच्या खडूच्या रेघा उमटलेल्या असायच्या, कारागीर बघून न बघितल्यासारखं करायचे.

डाएट केलं नाही असं कोणी म्हणू नये. दोन वेळा जेवणारं केलं, भात सोडून केलं, जिमची वर्षाची फी भरून केलं. एकदा १९ किलो उतरवले होते. दहा महिन्यांत ते २४ होऊन परत आले.

दादा मात्र काटकुळा. बावन्नाव्या वर्षी ६१ किलो. एक भाकरी, वाटीभर आमटी, आणि ताट सरकवून उठतो. "मनावर ताबा पाहिजे" हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. लहानपणापासून ऐकत आलो आणि खरं सांगतो, मला ते पटलेलंही होतं. मला वाटायचं, त्याच्याकडे काहीतरी आहे जे माझ्याकडे नाही.

नोव्हेंबर २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात ऑपरेशन केलं. सीझन नसतो तेव्हा. माझं 'स्लीव्ह' प्रकारचं होतं. माझ्या भाषेत सांगायचं तर पोटाच्या पिशवीत एक नळी घालतात, तिच्या कडेने स्टेपलर मारत जातात आणि बाहेरचा साधारण पाऊण भाग कापून काढून टाकतात. उरते ती बाहीसारखी अरुंद नळी. आम्ही फर्मा ठेवून कापतो तसंच, फक्त इथं चूक झाली तर दुसरं कापड मिळत नाही. त्याआधी दोन आठवडे जवळजवळ नुसत्या प्रोटीन शेकवर ठेवतात, लिव्हरवरची चरबी उतरून ते लहान व्हावं म्हणून. नाहीतर दुर्बिणीतून पोट दिसायलाच अडचण. जे याला शॉर्टकट म्हणतात त्यांनी ते दोन आठवडे तरी काढून दाखवावेत. मी घरात शेक प्यायचो आणि शेजारच्या खोलीत पोरं पावभाजी खायची.

पाच भोकं. त्याच संध्याकाळी उठवून चालवलं, पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. पोटात गॅस भरलेला असतो, त्याची कळ खांद्यात येते. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मला वाटलं हार्ट अटॅकच आला. औषधाच्या झाकणाएवढ्या कपातून पाणी प्यायचं, घोट घोट. तीन गोळ्यांचं ते खेळण्यासारखं यंत्र श्वास ओढून वर उचलायचं. चौथ्या दिवशी घरी.

येताना डॉक्टरांनी दर तासाला गाडी थांबवून चालायला सांगितलं होतं. भिगवणला थांबलो. उजनीच्या मासळीसाठी मी एकेकाळी पुण्याची डिलिव्हरी मुद्दाम स्वतः घेऊन जायचो, एवढं माझं भिगवण. त्या खानावळीसमोर दहा मिनिटं येरझाऱ्या घातल्या. वास आला. छान होता. आणि बस, एवढंच. आतून कोणी ओढलं नाही. गाडीत बसल्यावर बायकोने विचारलं, "दुखतंय का?" मी म्हटलं, नाही. पण मला काहीतरी विचित्र वाटत होतं आणि ते काय ते सांगता येत नव्हतं.

पहिले दोन आठवडे वरणाचं वरचं पाणी, गाळलेलं ताक, नारळपाणी, प्रोटीन पावडर. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. सोळाव्या दिवशी युनिटवर जाऊन उभा राहिलो, दोन तास. कापडाचे तागे उचलायला मात्र सहा आठवडे बंदी होती आणि ती मी पाळली. तुमचं बसून काम असेल तर दोन-तीन आठवडे धरा. हा तुमच्या कामावर जाण्याच्या प्रश्नाचा हिशेब झाला.

आता हुरडा. जानेवारी २०२३, संक्रांतीनंतरचा रविवार. सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेची गर्दी चालू होती आणि आम्ही सगळे दादाच्या सासुरवाडीच्या रानात, मंगळवेढ्याकडे. ऑपरेशनला आठ आठवडे. तिकडची ज्वारी काय असते ते सोलापूरकरांना सांगायला नको. आगटीत गोवऱ्या, कणसं भाजून हातावर चोळलेली, शेजारी शेंगाची चटणी, गूळ, दही, बोरं. मी डब्यात मुगाचं मऊ धिरडं नेलं होतं. वहिनींनी गरम हुरडा माझ्या तळहातावर ठेवला. "भावजी, एवढ्याशानं काय होतंय?" वहिनींचा दोष नाही. त्या गेली २० वर्षं मला आग्रह करतायत आणि मी एकदाही नको म्हटलेलं नाही.

मला सांगितलेलं होतं, एकेक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा, अख्खं धान्य इतक्यात नको. पण हुरडा समोर आला की हात जुन्या सवयीने चालतो. दोन बकाणे भरले आणि गिळले. मिनिटभरात छातीच्या हाडामागे दगड बसल्यासारखं झालं. ना खाली, ना वर. तोंडाला पाणी सुटत गेलं, मग फेस. कडब्याच्या गंजीमागे गेलो आणि ओकलो. पुतण्या मागोमाग आला, घाबरून ओरडत परत गेला, आणि मी तोंड धुऊन येईपर्यंत अख्ख्या रानाला कळलेलं होतं.

दादा उठला नाही. बसल्या जागी म्हणाला, "काय करलालास बे? साडेतीन लाख घालून मूठभर हुरडा पचत नाही. तोंडावर ताबा ठेवला असता तर मशिनी विकायची वेळ आली नसती. आळशी माणसाचा शॉर्टकट हा."

कोणीतरी हसलं. मी खाली बसलो.

बसलो तेव्हा समोर पाटीभर हुरडा होता, वाफ निघत होती, आणि मला तो नको होता. लाज वाटली म्हणून नव्हे. नकोच होता. त्याच वेळी वहिनींनी दादापुढे दुसरी मूठ धरली आणि त्याने हात आडवा केला. त्या हाताकडे मी आयुष्यभर बघत आलो होतो. तो हात म्हणजे ताबा, असं मला वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की तो आडवा हात करताना त्याला आत काहीच करावं लागत नाही. त्याचं पोट भरलेलं होतं, एवढाच त्याचा पराक्रम. भिगवणला मला जे विचित्र वाटलं होतं, त्यात दादा जन्मापासून राहतोय.

यामागे शास्त्र आहे. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः पोटाच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये तोच भाग काढून टाकतात. म्हणजे माझी इच्छाशक्ती ऑपरेशन टेबलावर वाढली नाही, निरोप कमी झाले. उलट बाजूने बघा, डाएटने वजन उतरलं की शरीर हेच निरोप वाढवतं. मी १९ किलो उतरवून बसलो होतो तेव्हा आत काय चाललं होतं ते आता समजतं. तुमच्या घरचे जे 'आळशी' म्हणतायत, त्यांना एवढंच विचारा की तुम्हाला दिवसातून किती वेळा जेवणाचा विचार येतो? दादाला विचारलं तर म्हणेल, जेवायच्या वेळी. मला ऑपरेशनआधी भाकरी खाता खाता पुढच्या जेवणाचा यायचा.

तरी सगळं गोड नाही, हेही लिहायला पाहिजे, नाहीतर तुम्ही उद्याच पुण्याची गाडी धराल. वजन चौदा महिन्यांत ८४ वर आलं, इन्सुलिन सुटलं, एक गोळी राहिली. श्वास अडकायचा थांबला. मग वर्ष-सव्वा वर्षाने भूक परत आली. पूर्वीइतकी नाही, पण आली. आणि एक गंमत अशी की मऊ पोळी, भात अडकतो, पण चिवडा, फरसाण, कडक भाकरीचा चुरा सरसर खाली जातो. सोलापुरात राहून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी समोर असताना हे ज्ञान धोक्याचं आहे. आज माझं वजन ९१ आहे. त्यातले सात किलो याच ज्ञानाचे.

केस चौथ्या महिन्यात मूठमूठ गेले, नंतर आले. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने गोळी होती. दुसऱ्या वर्षी मी शहाणपणा करून व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद केल्या, तर पायाला मुंग्या यायला लागल्या, बी१२ खाली गेलेलं. त्या गोळ्या जन्मभराच्या आहेत, लोह, कॅल्शियम, डी सकट. आडवं झोपलं की आंबट वर येतं. स्लीव्हमध्ये हे होतं. तुम्हाला आधीपासून ॲसिडिटी जोरात असेल तर डॉक्टर बायपास सुचवतील, हृदयाचा नव्हे, पोटाचाच, त्याची गणितं वेगळी. आणि लोंबणारी कातडी. कटिंग मास्तरला जास्तीचं कापड दिसलं की हात शिवशिवतो, पण ती कापायची म्हणजे दुसरं ऑपरेशन आणि दुसरा खर्च. मी शर्ट खोचायचं सोडून दिलंय. तुम्ही बाई असाल आणि मूल हवं असेल तर ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, हेही आधी विचारून घ्या.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचं तुम्ही विचारलं नाही, पण खाली कोणीतरी विचारेलच. मौंजारो आणि वेगोव्ही २०२५ मध्ये भारतात आली. मी घेतलेली नाहीत. बंद केली की वजन बहुतेकांचं परत चढतं, म्हणजे तिथेही दादासारखे लोक तोंड उघडणारच.

आता खर्च. मला सगळं धरून ३ लाख ४० हजार आले. विमा होता, पण पॉलिसीला दीडच वर्ष झालेलं, वेटिंग पिरियडवर बोट ठेवून क्लेम नाकारला. तुम्ही तुमच्या पॉलिसीचे कागद आजच काढून वाचा. डॉक्टर आपल्याकडच्या लोकांसाठी बीएमआय ३७.५, किंवा आजार असेल तर ३२.५, धरत आलेत. विमा कंपन्यांची अट साधारणपणे ४० ची, किंवा ३५ आणि सोबत ताब्यात न येणारी शुगर, तीव्र स्लीप ॲप्निया (तेच, झोपेत श्वास अडकणं) असले ठरावीक आजार. या दोन आकड्यांच्या मध्ये पुष्कळ लोक लटकतात. तुमचा ४२ येतो, म्हणजे तुम्ही लटकत नाही. फक्त वेटिंग पिरियड बघा, आणि ऑपरेशनच्या नादात आधी किलोभरही उतरवू नका असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, भूल देणाऱ्या डॉक्टरला हलकं माणूसच आवडतं.

पैशासाठी मी एक ओव्हरलॉक आणि एक काज मशीन विकली. दोन्ही माझ्या हिश्श्यातून घेतलेल्या होत्या, पावत्या माझ्या नावावर आहेत. हे इथे मुद्दाम लिहितोय, कारण दादाचा पोरगा हे ॲप वाचतो.

मागच्या मे महिन्यात ओव्हरलॉक परत घेतलं, सेकंडहँड. बिल दादाच्या गल्ल्यात, रोज हात जातो तिथे, वरच ठेवलंय. सीझन संपला, दिवाळी गेली. बिल अजून तिथेच आहे, फक्त आता त्याच्यावर रबरबँडची डबी ठेवलेली असते.