साहेब सांगतील तेव्हा

"काम सगळं येतं हो ताई, पण इंटरव्ह्यूला बसलं की तोंडच उघडत नाही."

घाटकोपरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी गवंड्यांकडून, फिटरांकडून, सुपरवायझरांकडून इतक्यांदा ऐकलंय की समोरचा 'काम सगळं' म्हणाला की पुढचं मला पाठ असतं. बहुतेकांना वाटतं, अडतंय ते इंग्रजीमुळे. बरीच वर्षं मलाही तसंच वाटायचं. माझा तो समज भांडुपच्या एका दादांनी मोडला.

नववी शिकलेले. बारा वर्षं सेंटरिंगमध्ये, म्हणजे स्लॅबखालचा साचा आणि टेकू उभारायच्या कामात, त्यातली शेवटची चार मुकादम म्हणून. सुपरवायझरच्या जागेसाठी तीनदा जाऊन हात हलवत परत आलेले. शेवटच्या वेळी विचारलं होतं, स्लॅबचे टेकू कधी काढता?

"काय सांगितलंत?"

"साहेब सांगतील तेव्हा."

"आणि तुम्हाला विचारलं तर?"

दादा खुर्चीत पुढे सरकले. "साधं ओपीसी सिमेंट असेल तर साडेचार मीटर स्पॅनपर्यंत 7 दिवस, त्याच्या वर 14. बीमचं वेगळं."

स्पॅन म्हणजे दोन आधारांमधलं अंतर. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात हेच लिहिलंय. प्रश्न मराठीतच विचारला होता, उत्तरही येत होतं. मग अडलं कुठे?

पहिल्या दोन भेटींत मी नेहमीचंच केलं: श्वास, बसणं, नजर. फारसा उपयोग झाला नाही. तिसऱ्या भेटीत म्हटलं, शेवटचा स्लॅब कसा भरला ते सांगा. पाच मिनिटं बोलले. 'माणसं लावली', 'काम झालं', 'साहेबांनी सांगितलं तसं केलं'. त्या पाच मिनिटांत 'मी' एकदाही आला नाही.

"साइटवर 'मी केलं' असं कधी म्हणता?"

जरा थांबले, मग हसले. "चूक झाली की. कोणी केलं रे, म्हणून ओरडतात ना, तेव्हा."

मी लिहायची थांबले. जिथे 'मी' हा शब्द फक्त बोलणी खायला वापरतात, तिथून आलेला माणूस एसी ऑफिसात तो ताठ मानेने कसा म्हणेल? याला सगळे आत्मविश्वासाची कमी म्हणतात. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी. भीतीपेक्षा भीतीमागचं वाक्य शोधते. इथे ते होतं, 'मी म्हटलं की अंगावर येतं.' ही शिकलेली सावधगिरी, आणि शिकलेलं बदलता येतं.

"कधी काम थांबवलंय?"

त्यांनी माझ्या चार पेन्सिली मुठीत उभ्या धरल्या, वर डायरी ठेवली. "रात्री अकरा. आरएमसीचा, तयार काँक्रीटचा मिक्सर गेटवर फिरतोय. खालून जाताना टेकूचा एक जॅक ठोकला, तर खडखडला. बघतो तर प्लेटखाली फळी नाही, ताजा भराव." एक पेन्सिल सैल सोडली, डायरी कलली. "मी थांबवलं. साहेब चिडले. पाऊण तास गेला, पण फळ्या टाकूनच भरला."

"मधलं एक वाक्य परत म्हणा."

"कोणतं?"

"मी थांबवलं."

दोनदा पुटपुटले. तिसऱ्यांदा म्हणताना डायरी सरळ करून ठेवली.

आता मी सगळ्यांनाच सांगते: बायोडेटाच्या आधी असे तीन प्रसंग तयार करा, प्रत्येकात एक तरी आकडा हवा, आणि घरच्यांसमोर मोठ्याने सांगून बघा. गँगचं श्रेय खाल्ल्यासारखं वाटत असेल तर म्हणा, 'काम सगळ्यांनी केलं, ठरवलं मी.' इंग्रजी ओढूनताणून आणू नका. हिंदीत बोललो तर चालेल का, असं सुरुवातीलाच विचारा. एखादं येत नसेल तर 'ड्रॉइंग बघून सांगतो' म्हणा, साइटवर तेच बरोबर उत्तर असतं. शिक्षण कमी असेल तर अनुभवावर मिळणारं आरपीएलचं प्रमाणपत्र काढून ठेवा. पगाराचा आकडा घरून ठरवून जा.

चौथ्या मुलाखतीनंतर दादांचा फोन आला, स्टेशनवरूनच. "ताई, परत टेकूचंच विचारलं."

"मग?"

"मीच उलटं विचारलं, स्पॅन किती मीटर?"

नोकरीचं कळायला अजून आठवडा होता.