दख्खनचा बेसाल्ट तपासायला देताना

बेसाल्ट म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा दगड. त्यातला पोकळ्यांत खनिजं भरलेला तुकडा रासायनिक विश्लेषणाला देऊ नकोस. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट ही पोकळ्यांतली खनिजं देखणी खरी (कपाटात जरूर ठेव), पण लाव्हा थिजल्यानंतर ती तिथे वाढलीत. त्यांतलं पाणी आणि कॅल्शियम तुझे आकडे बिघडवणार. लाव्हाच्या थराच्या मधल्या घट्ट भागातला तुकडा घे, हवापाण्याने झिजलेली तांबूस साल हातोडीने पूर्ण उडव. सिलिका बहुतेकदा ४८ ते ५० टक्क्यांच्या आसपास येते. तापवल्यावर वजन ३ टक्क्यांहून जास्त घटलं, तर दगड बदललेला असतो; सोडियम-पोटॅशियमवर भरवसा नको, सहसा न हलणारे टायटॅनियम नि झिर्कोनियम बघ. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दळलंस तर कोबाल्ट, टँटलमचे आकडे सोडून दे, ते भांड्यातूनच मिसळतात. आणि प्रयोगशाळेची फी भरण्याआधी पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघ. इगतपुरीकडच्या प्लॅजिओक्लेज या खनिजाचे मोठाले स्फटिक असलेल्या दगडात तर मूठभर तुकडा पुरतच नाही.