हातात जोर कमी, की सीट मोठी?

प्रश्न : आम्ही ऐरोलीला राहतो. मुलगी नववीत आहे, वय 14. वर्षभर सुट्टीच्या दिवशी भाड्याच्या गो-कार्टवर जाते. आता रेसिंगच करायचं म्हणते. तिथले प्रशिक्षक म्हणाले, आठ-दहा फेऱ्यांत हिचे हात भरून येतात, वरच्या पातळीवर मुलींना झेपत नाही. तिचे बाबा म्हणतात, फक्त मुलींच्या शर्यती म्हणजे लोकलमधला लेडीज डबा, त्यातून कोण कुठे पोचणार? काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, नमस्कार. आधी हातांचं बघू, बाकी वाद त्याच्यावरच उभा आहे.

भाड्याच्या कार्टची सीट मोठ्या माणसाच्या मापाची असते. चौदा वर्षांची पोर त्यात बसली की वळणावर कंबर सरकते, मग ती स्टीअरिंगला धरूनच स्वतःला सावरते. गाडी वळवायची आणि अंगही पेलायचं, दोन्ही त्याच हातांनी. दहा मिनिटांत कोपरापासून मनगटापर्यंत दगड होणारच, मुलगा असता तरी झाला असता. घरी आल्यावर तिच्या बरगड्या बघा. एका बाजूला काळंनिळं दिसलं तर सीट सैल आहे असं समजा. पुढच्या वेळी सीटमध्ये फोमचं पॅड मागा, रिब प्रोटेक्टर घालायला लावा, आणि टाच टेकून ब्रेक पूर्ण दाबता येतो का ते बघा. पहिल्या पाच आणि शेवटच्या पाच फेऱ्यांच्या वेळा वहीत लिहा. पॅडनंतर दोन्हींतला फरक कमी झाला, तर दुखणं सीटचं होतं.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कार्टला डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर, म्हणजे दांड्यावर, घट्ट असतात. वळताना आतलं मागचं चाक क्षणभर उचललं गेलं नाही, तर कार्ट सरळच जायला बघते आणि स्टीअरिंग जड लागतं. ते चाक उचललं जाणं बरंचसं सीटची उंची, वजनाची जागा आणि पुढच्या चाकांचं सेटिंग यावर असतं. स्पर्धेत कार्ट आणि ड्रायव्हर मिळून किमान वजन भरावं लागतं. कमी पडलं तर सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्टने लावतात. त्या फार खाली लावल्या की चाक उचलायचं थांबतं आणि दोष मुलीच्या दंडावर येतो. ‘हलक्या म्हणून मुलींना फायदा’ ही तक्रारही या पट्ट्यांपाशीच संपते. फॉर्म्युला वनमध्ये 2019 मध्ये ड्रायव्हर आणि सीट मिळून किमान 80 किलोचा नियम आला, तोही याच कारणासाठी.

पण ताकद लागतच नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो. 5 जीच्या, म्हणजे वजन पाचपट भासणाऱ्या, वळणात ते मानेला 30 किलोच्या वर ओढतं. फॉर्म्युला वनच्या गाडीला पॉवर स्टीअरिंग असतं, त्याखालच्या पायऱ्यांना, म्हणजे फॉर्म्युला 2 आणि 3 (एफ2, एफ3) यांना, नसतं. म्हणजे हातांची खरी परीक्षा वाटेतच. तात्याना काल्देरोन या महिला ड्रायव्हरने 2019 मध्ये एफ2चा मोसम चालवला, तेव्हा अशक्य नाही. मात्र व्यायाम नेमून करावा लागतो. मानेसाठी रबर बँड, तोही फिजिओथेरपिस्टला विचारून. हेल्मेटला वजन लटकवायचे प्रयोग या वयात नकोत.

आता लेडीज डबा. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारी आजवरची एकच बाई, लेला लोम्बार्डी : 1975, स्पेन, सहावा क्रमांक, शर्यत मध्येच थांबवल्याने अर्धा गुण. 1992 मध्ये जोवाना अमातीने तीनदा प्रयत्न केला, पात्र ठरली नाही. दुसरीकडे रॅलीत, म्हणजे रस्त्यांवर वेळ लावून होणाऱ्या शर्यतींत, मिशेल मूटाँ 1982 मध्ये जगात दुसरी आली. माझ्या मते मुख्य अडचण संख्येची आहे : लहानपणी कार्टिंगला मुलीच मोजक्या, मग वर कोण दिसणार? त्यामुळे वेगळा डबा वाईट नाही. गाडी कुठपर्यंत जाते ते बघायचं. ट्रान्स-हार्बरच्या कुठल्याही डब्यात बसलं तरी कर्जत येत नाही. जेमी चॅडविकने डब्ल्यू सीरिज या फक्त महिलांच्या स्पर्धेची तिन्ही विजेतेपदं जिंकली, तरी एफ3ची जागा मिळाली नाही. ती अमेरिकेला गेली. 2023 मध्ये सुरू झालेल्या एफ1 ॲकॅडमी या मुलींच्याच स्पर्धेला फॉर्म्युला वनच्या संघांचा पाठिंबा आहे, हे बरं झालं. पण तिथली गाडी एफ4च्या, म्हणजे एफ3च्याही खालच्या पायरीच्या, तोडीची. सुपरलायसन्सला (फॉर्म्युला वन चालवायच्या परवान्याला) लागणारे 40 गुण बहुतेक पुढेच कमवावे लागतात.

फॉर्म्युला वनपर्यंत जाणारी मुलं सहा-आठ वर्षांची असताना कार्टमध्ये बसलेली असतात. 14 म्हणजे उशीर झालाय, हे तिला स्पष्ट सांगा. देशातल्या शर्यतींचं तसं नाही. पुण्याच्या डायना पंडोले यांनी 2024 मध्ये राष्ट्रीय कार रेसिंगचं सलून (नेहमीच्या बंद गाड्यांच्या) गटातलं विजेतेपद मिळवलं, पुरुषांशी लढून. इंडियन रेसिंग लीगमध्ये तर प्रत्येक संघात एक महिला ड्रायव्हर ठेवलीच होती.

रस्ता असा : एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाचं लायसन्स, मग एखाद्या संघाबरोबर राष्ट्रीय रोटॅक्स (हे इंजिनचं नाव) कार्टिंग, नंतर कोइमतूरच्या ट्रॅकवर एलजीबी फॉर्म्युला 4 ही देशातली एका सीटच्या गाड्यांची शर्यत. खर्च लाखांत जातो. संघाकडून लेखी घ्या : मोसमात टायरचे सेट किती, सरावाचे दिवस किती, धडकेत स्टब ॲक्सल (पुढच्या चाकाचा दांडा) वाकला किंवा चॅसिसला (सांगाड्याला) पीळ बसला तर पैसे कोणाचे. घरचं बजेट बहुतेक वेळा या शेवटच्या ओळीतच कोसळतं. (आणि अठरा पूर्ण झाल्यावरही सराव पाम बीच रोडवर नाही!)

अकरावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स ठेवा. मेकॅनिकलला गेली तर कॉलेजच्या संघातून फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधता येते. लीना गाडे 2011 मध्ये ल माँची 24 तासांची शर्यत जिंकणाऱ्या ऑडीची रेस इंजिनीअर (ड्रायव्हरशी बोलून गाडीचं सेटिंग ठरवणारी) होती, आणि 2025 मध्ये फॉर्म्युला वनच्या हास संघाने लॉरा म्युलरला रेस इंजिनीअर केलं. तुमच्या मुलीची फेऱ्यांच्या वेळांची वही या कामाचीच पहिली पायरी आहे.

पुढचं वर्ष दहावीचं. तेव्हा संघाशी करार आत्ता नको. या उन्हाळ्यात मापाची सीट असलेल्या कार्टवर कोल्हापूरला दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्या, जाताना वही सोबत न्या, आणि तिथल्या मेकॅनिकला सीट नेमकी कुठे बसवली ते मोजून लिहून द्यायला सांगा.