संशोधन प्रस्ताव : भाषा सोपी की भारदस्त?

प्रश्न : मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ‘मुळा-मुठेतील प्रतिजैविक-रोधी जीवाणूंचा सखोल अभ्यास करणे’ हे पहिलं उद्दिष्ट असलेला माझा प्रस्ताव ‘उद्दिष्टे मोघम’ असा शेरा घेऊन परत आला. एक सहकारी म्हणतात, अमेरिकेतल्या एका अभ्यासात लांब, जड शब्दांच्या सारांशांना जास्त पैसे मिळाल्याचं दिसलं. मग भाषा जड करू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नको. २०१९ मधल्या त्या अभ्यासात संशोधनाला अनुदान देणाऱ्या ‘नॅशनल सायन्स फाउंडेशन’ या तिथल्या सरकारी संस्थेकडचे १९ हजारांहून अधिक सारांश तपासले होते. लांब, कमी प्रचलित शब्दांच्या आणि ठाम सुराच्या सारांशांमागे रक्कम मोठी होती, हे खरं. पण ते सगळे मंजूर झालेले प्रस्ताव होते. नाकारलेले त्यात नव्हतेच, मग मंजुरी कशाने मिळते हे त्यावरून कसं कळणार? शिवाय मोठ्या प्रकल्पात कामं जास्त, म्हणून सारांशही लांबत असणार. घ्यायचाच तर त्यातला ठामपणा घ्या.

तुमची अडचण ‘सखोल’ या शब्दात आहे. काम कुठे संपणार, हे त्यातून कळत नाही. त्याऐवजी असं लिहा : ‘बंडगार्डन ते थेऊर पट्ट्यातील ६ ठिकाणांहून १२ महिने, दरमहा एक नमुना घेऊन त्यांतील ई. कोलाय जीवाणूंपैकी किती टक्के सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाला रोधी आहेत ते मोजणे.’ आता नमुने ७२ झाले. प्रत्येकी जीवाणू वाढवायच्या ३ प्लेट धरल्या तर २१६. खर्चाच्या तक्त्यात याहून कमी दिसल्या, तर परीक्षक तिथेच अडणार. मोघम वाक्यात ही विसंगती लिहिणाऱ्यालाही दिसत नाही. आमच्या मते मोघम भाषेचं खरं नुकसान हेच.

उद्दिष्टं ३, फार तर ४ ठेवा. दुसरं उद्दिष्ट पहिल्याच्या यशावर टांगलेलं नको, पुरेसे ई. कोलाय मिळाले नाहीत तर काय करणार, तेही एका वाक्यात लिहा. वेळापत्रकात ‘जून’ऐवजी ‘महिना १’ असं घाला. मंजुरी लांबते, आणि १२ महिने सलग असले की पावसाळा केव्हातरी त्यात येतोच.

कार्यपद्धतीत तांत्रिक संज्ञा खुशाल येऊ द्या, ती तुमच्याच विषयातला परीक्षक वाचतो. सारांश मात्र समितीतले इतर विषयांचे लोकही वाचतात. तो रसायनशास्त्राच्या एखाद्या सहकाऱ्याला द्या आणि काय मोजणार आहात ते त्यांच्याच तोंडून ऐका. सांगता आलं नाही, तर पहिली दोन वाक्यं पुन्हा लिहा.