इंजिन धावते, पण आवाज मध्येच जातो: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

साउंड डीकोडर (रुळातून येणारे डिजिटल आदेश ओळखून मोटर, दिवे आणि आवाज चालवणारा छोटा सर्किट बोर्ड) बसवून घेतलेल्या मॉडेल इंजिनांबद्दल या वेळी बरेच प्रश्न आले. बहुतेकांची तक्रार एकच आहे: आवाज येतो, जातो, पुन्हा येतो. नवा डीकोडर मागवण्याआधी पुढची उत्तरे जरूर वाचा. अशा इंजिनांत डीकोडर क्वचितच दोषी असतो आणि तो स्वस्तही नसतो.

प्रश्न (मुलुंड): माझे एचओ (१:८७ प्रमाणाचे) डिझेल इंजिन पूर्वी साध्या डीसीवर चालायचे. त्यात साउंड डीकोडर बसवला. चालताना आवाज अचानक तुटतो आणि मग इंजिन स्टार्ट होतानाचा आवाज पहिल्यापासून सुरू होतो. गाडी मात्र थांबत नाही. डीकोडर बिघडला का?

आवाज पुन्हा ‘स्टार्ट’पासून सुरू होतो, यातच उत्तर आहे. डीकोडरचा वीजपुरवठा क्षणभर तुटतो, तो बंद पडून पुन्हा जागा होतो. तेवढ्या वेळात फ्लायव्हीलच्या जोरावर गाडी पुढे सरकते, म्हणून खंड डोळ्यांना दिसत नाही, कानांना कळतो. डीसीवर असतानाही हे खंड पडतच होते, फक्त तेव्हा ते ऐकू येत नव्हते.

आधी खात्री करा. इंजिन फोमवर उलटे ठेवा आणि कमांड स्टेशनच्या (रुळांना वीज आणि आदेश देणारा कंट्रोलर) ट्रॅक आउटपुटपासून दोन क्रोकोडाइल क्लिप थेट डीकोडरच्या लाल व काळ्या तारांना लावा. दहा मिनिटे चालवून आवाज एकदाही तुटला नाही, तर डीकोडर आणि स्पीकर दोन्ही निर्दोष. दोष रूळ ते डीकोडर या वाटेवर आहे.

ती वाट रुळाकडून तपासत जा. चाकांवर काळे कडे जमले असेल तर आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोल) भिजवलेला कापडाचा तुकडा रुळांवर आडवा टाका. एक बोगी (इंजिनाखालचा चाकांचा संच) कापडावर आणि दुसरी स्वच्छ रुळावर ठेवून इंजिन हाताने धरून चालू करा. मग बोगी बदला. ज्या चाकांवर रबरी टायर आहेत ती वीज घेत नाहीत. चार आक्सलच्या इंजिनात एका आक्सलवर टायर असतील तर पिकअपला (रुळातून वीज घ्यायला) तीनच आक्सल उरतात, आणि चाकातून वीज घेणारा त्यातला एक वायपर वाकला तरी फरक पडतो. वायपरची पट्टी चाकाच्या पाठीला हलकी टेकलेली हवी. जास्त दाबली तर ती ब्रेकसारखी घासते.

यानंतरची जागा बरेच जण तपासतच नाहीत. अनेक जुन्या अमेरिकन पद्धतीच्या इंजिनांत वरच्या सर्किट बोर्डावर तारा सोल्डर केलेल्या नसतात. बोर्डाच्या टोकांवर त्या काळ्या प्लास्टिकच्या टोप्यांनी नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. काही वर्षांत टोपी सैल होते, तारेचे टोक काळवंडते आणि धक्का बसला की संपर्क सुटतो. नवा डीकोडर त्याच टोप्यांवर बसवला असेल तर अपग्रेड अर्धेच झाले आहे. टोप्या काढा, तार ४ मिमी सोला, टोक कल्हई करून पॅडवर सोल्डर करा. रोझिन कोर असलेली ६०/४० सोल्डर वापरा. आम्लयुक्त फ्लक्स अजिबात नको, तो नंतर तार खातो. बोगीकडे जाणारी तार थोडी सैल ठेवा, नाहीतर वळणावर ताण येऊन ती पुन्हा तुटेल.

प्रश्न (डोंबिवली): दिवे स्थिर असतात, गाडीही नीट चालते, पण बॉडी बसवली की आवाज खरखरतो किंवा पूर्ण जातो.

दिवे स्थिर आहेत म्हणजे पुरवठा ठीक आहे. स्पीकरची वाट तपासा. आठ पिनी सॉकेटमध्ये स्पीकरसाठी पिन नसते, त्याच्या दोन तारा वेगळ्या जातात आणि बॉडीच्या काठाखाली किंवा स्क्रूखाली चिमटल्या जातात. डीकोडरकडची एक तार सोडवून मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा चांगला स्पीकर साधारण ७ ओहम दाखवतो. तारा हलवताना आकडा उड्या मारत असेल तर तार आतून तुटली आहे. मीटर नसेल तर १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, स्पष्ट ‘टक्’ ऐकू आले पाहिजे.

स्पीकरचे कोणतेही टोक धातूच्या चासीला लागता कामा नये. डीकोडरच्या स्पीकर आउटपुटची एकही बाजू ‘अर्थ’ नसते, चासीला स्पर्श झाला तर अँप्लिफायर कायमचा जाऊ शकतो. टोकांवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेशन टेप) लावा. स्पीकरच्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटला आहे का तेही पाहा, कारण तो पडद्यापर्यंत गेला की अशीच खरखर येते. म्हणून रुळांवर स्टील वूल कधीही घासू नका.

प्रश्न (वसई): माझ्या डब्ल्यूडीएम-२ (भारतीय रेल्वेचे डिझेल इंजिन) च्या मॉडेलमध्ये अल्को २५१ (अमेरिकेच्या अल्को कंपनीचे डिझेल इंजिन) चा आवाज टाकला आहे. पंधरा मिनिटे उत्तम चालते, मग आवाज बंद. थोडा वेळ थांबवले की परत येतो.

आवाजाची निवड अचूक आहे. डब्ल्यूडीएम-२ हे मुळात अल्कोचे डीएल५६०सी डिझाइन, सोळा सिलिंडरचे २५१ इंजिन. त्यामुळे त्याच इंजिनाच्या अमेरिकन अल्कोंचे रेकॉर्डिंग इथे शोभते.

गरम झाल्यावर जाणे आणि थंड झाल्यावर येणे, हा उष्णतेचा दोष आहे. कारणे तीन असू शकतात. पहिले, मोटर. डीकोडर काढून मोटरला १२ व्होल्ट डीसी द्या, मीटर १० अँपिअरच्या रेंजवर सिरीजमध्ये जोडा आणि फ्लायव्हील एक-दोन सेकंदच बोटाने थांबवा. जुनी मोटर एक अँपिअरच्या वर सहज जाते. आकडा डीकोडरच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर मोटर बदलणे हाच उपाय. दुसरे, स्पीकरची जोडणी. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात. डीकोडरला किमान ८ ओहम हवे असतील तर अँप्लिफायर तापतो. सिरीजमध्ये जोडा, १६ ओहम होतील. आवाज थोडा कमी होईल, पण टिकेल. तिसरे, हवा. अरुंद हूडमध्ये डीकोडर फोम टेपमध्ये गुंडाळलेला असेल तर उष्णता बाहेर पडणार कुठून? कॅप्टॉन टेपचा एक थर पुरतो.

व्हॉल्यूमही उतरवा. त्याचा सीव्ही (डीकोडरमधली क्रमांकाची सेटिंग) कंपनीप्रमाणे वेगळा असतो: ईएसयू लोकसाउंडमध्ये सीव्ही ६३, साउंडट्रॅक्स त्सुनामी-२ मध्ये सीव्ही १२८, झिमोमध्ये सीव्ही २६६. अल्कोची जड धकधक छोट्या स्पीकरवर पूर्ण जोरात वाजवली तर ती फुटतेच.

प्रश्न (गिरगाव): जागा कमी, म्हणून लेआउट दोन फळ्यांवर आहे, वापरून झाला की दिवाणाखाली जातो. दुसऱ्या फळीवरच सगळ्या इंजिनांचा आवाज तुटतो.

सगळ्याच इंजिनांचा तुटतो, म्हणजे इंजिने उघडू नका. दोष दोन फळ्यांमधल्या जोडात आहे. वीज फक्त रेल जॉइनरमधून पलीकडे जात असेल तर दर वेळी उघडझाप करून ते सैल झाले आहेत. जॉइनर रूळ सरळ धरण्यासाठी आहेत, वीज नेण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नका. फळीखालून घरगुती वायरिंगची १.५ चौ. मिमीची जाड तार बस (मुख्य वीजवाहिनी) म्हणून न्या, दोन फळ्यांमध्ये घट्ट बसणारा प्लग द्या आणि साधारण दर मीटरला २२ गेजचा फीडर (बसमधून रुळाला वीज देणारी बारीक तार) रुळाला सोल्डर करा.

मग नाण्याची चाचणी. सर्वांत दूरच्या रुळांवर एक नाणे आडवे दाबा, कमांड स्टेशनने लगेच ट्रिप होऊन वीज तोडली पाहिजे. दोन-तीन ठिकाणी करा. कुठे ट्रिप झाले नाही तर तिथे तार अपुरी आहे किंवा जोड सैल आहे. हे फक्त आवाजापुरते नाही. ट्रिप न होणारा शॉर्ट बोगीचे प्लास्टिक वितळवतो.

प्रश्न (वर्सोवा): पावसाळ्यात हा त्रास दुप्पट होतो. काही उपाय?

समुद्राजवळची दमट, खारी हवा वायपर आणि तारांची उघडी टोके काळवंडवते, आणि रुळांवर धूळ धरणारा ओलसर थर जमतो. चालवण्याआधी ९९ टक्के आयपीएने धागे न सुटणाऱ्या कापडाने रूळ पुसा. सँडपेपर नको, त्याच्या चरांतच पुढची घाण बसते. इंजिने झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. डब्यातला जुना, चिकट झालेला फोम मात्र फेकून द्या.

प्रश्न (ठाणे): दोन इंजिने कन्सिस्टमध्ये (एकाच पत्त्यावर एकत्र चालणारी जोडी) जोडली की मागच्याचे हॉर्न-बेल बंद, सोडवली की चालू.

हा बिघाड नाही. सीव्ही १९ मध्ये कन्सिस्टचा पत्ता गेला की त्या पत्त्यावर कोणती फंक्शन ऐकायची ते सीव्ही २१ ठरवतो. बेल एफ१ (फंक्शनचे बटण १) वर, हॉर्न एफ२ वर आणि आवाज चालू-बंद एफ८ वर असेल तर १, २ आणि १२८ मिळून १३१ लिहा. उलट, इंजिन आवाज करते पण हलत नाही असे दिसले तर सीव्ही १९ मध्ये जुना पत्ता राहिला आहे. तिथे ० लिहा.

प्रश्न (बोरिवली): लॅमिंग्टन रोडवरून कपॅसिटर आणून कीप-अलाइव्ह (वीज क्षणभर तुटली तरी डीकोडर चालू ठेवणारा साठा) घरी करता येईल का? किती मोठा लागेल?

येईल, पण आधी वरचे सगळे दोष काढा. कपॅसिटर घाण झाकतो, काढत नाही.

हिशोब सोपा आहे. इंजिन ०.२ अँपिअर घेते आणि व्होल्टेज १४ वरून ७ पर्यंत उतरेपर्यंत डीकोडर चालतो असे धरा. १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक तेव्हा फक्त ०.०३५ सेकंद तग धरतो. धुळीचा ठिपका पार होतो, मेलेला फ्रॉग (सांध्यातला वीज नसलेला रुळाचा तुकडा) नाही. १ फॅरड, २.७ व्होल्टचे सहा सुपर कपॅसिटर सिरीजमध्ये जोडले तर सुमारे ०.१७ फॅरड आणि १६.२ व्होल्टची मर्यादा मिळते, तीच गाडी जवळजवळ सहा सेकंद चालते. पाचच जोडले तर मर्यादा १३.५ व्होल्ट. १५ व्होल्टच्या ट्रॅकवर ते फुगतील. साधा इलेक्ट्रोलिटिक घ्याल तर २५ व्होल्टचा घ्या, १६ चा नको.

कपॅसिटर थेट जोडू नका. १०० ओहमचा रेझिस्टर चार्जिंगच्या वाटेवर आणि त्याला समांतर, कपॅसिटरकडून डीकोडरकडे वीज सोडणारा १एन४००७ डायोड लावा. रेझिस्टर नसेल तर पॉवर देताच कमांड स्टेशनला शॉर्ट झाल्यासारखे वाटते. पॉझिटिव्ह टोक निळ्या तारेला आणि निगेटिव्ह डीकोडरच्या ग्राउंड पॅडला. काळी तार ही ग्राउंड नव्हे, ती रुळाची आहे. ग्राउंड पॅड कुठे आहे ते त्या डीकोडरच्या पुस्तिकेतूनच पाहा, अंदाजाने सोल्डर लावू नका.

जोडल्यावर प्रोग्रामिंग ट्रॅकवर सीव्ही वाचता आले नाहीत तर घाबरू नका, मेन ट्रॅकवरून लिहा. आणि सीव्ही २९ मधला अ‍ॅनालॉग मोड बंद करा: ६ असेल तर २, ३८ असेल तर ३४. चालू ठेवला तर सिग्नल तुटताच काही डीकोडर कपॅसिटरच्या विजेला डीसी ट्रॅक समजतात आणि इंजिन सुसाट सुटते.